काउंटीच्या संघात निवड झाली, म्हणजे नेमकं काय झालं?

रविवारी दुपारी मावसबहिणीचा फोन आला. लंडनच्या वायव्य भागात राहते ती. मुलगा तिथल्या सरकारी शाळेत शिकतो आणि फुटबॉल म्हणजे त्याचा जीव की प्राण. "दादा, ह्याची काउंटीच्या शाळांच्या संघात निवड झालीय. शाळेत सगळे अभिनंदन करतायत. पण क्लबमधले पालक म्हणतात, त्याला आता काही अर्थ राहिलेला नाही. आणि पत्रात ज्या काउंटीचं नाव आहे, ती मला नकाशात सापडतच नाहीये. हे मोठं आहे की छोटं, तेवढं सांग."

फोनवर तिला तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. इंग्लंडमधल्या किती मराठी घरांत हे पत्र येऊन पडत असेल असं मनात आलं, म्हणून इथे सगळं नीट मांडतो. गेल्या चाळीस वर्षांत या शालेय फुटबॉल संघटनांचं जे झालं, ते कळलं की पत्राचं वजनही कळतं.

नकाशात नसलेली काउंटी

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. पण हा जिल्हा दोन तऱ्हेचा असतो. एक प्रशासनाचा, जो सरकार हवा तेव्हा बदलतं. दुसरा लोकांच्या डोक्यातला, जो सहसा बदलत नाही.

मिडलसेक्स ही प्रशासकीय काउंटी १९६५ साली बरखास्त झाली आणि तिचा बराचसा भाग ग्रेटर लंडनमध्ये गेला. तरी लॉर्ड्सवर आजही मिडलसेक्सच्याच नावाने क्रिकेट खेळलं जातं, आणि मिडलसेक्सची फुटबॉल संघटनाही चालू आहे. १९७४ साली तर सगळ्या देशाचा नकाशा नव्याने आखला गेला. एव्हन आणि हंबरसाइड या नव्या काउंट्या तेव्हा जन्मल्या आणि १९९६ मध्ये मोडीतही निघाल्या. छोटी रटलंड काउंटी १९७४ ला लेस्टरशरमध्ये विलीन झाली आणि १९९७ ला पुन्हा वेगळी झाली.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. महाराष्ट्र राज्य एक, पण रणजी करंडकात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ उतरतात. खेळाचा नकाशा वेगळा आणि मंत्रालयाचा वेगळा. तेव्हा बहिणीला म्हटलं, काउंटी नकाशात शोधू नकोस, ती मैदानावर सापडेल.

शाळांची वेगळी संघटना कशाला?

इंग्लंडमध्ये फुटबॉलची मुख्य संस्था म्हणजे फुटबॉल असोसिएशन, बोलण्यात 'एफए'. तिच्या हाताखाली काउंट्यांच्या संघटना आहेत. त्या क्लब, रेफरी, रविवारच्या लीग असं सगळं पाहतात. मग शाळांसाठी निराळी चूल कशाला?

कारण ही चूल शिक्षकांनी मांडली. १८८५ साली दक्षिण लंडनमधल्या शिक्षकांनी आपल्या शाळांचे आपसात सामने लावण्यासाठी संघटना उभारली. तेव्हा गरीब मुलांच्या प्राथमिक शाळांत खेळाचा तास नव्हताच, कवायत तेवढी होती. शाळेच्या वेळात संघटित खेळ घ्यायला सरकारची परवानगी मिळाली ती १९०६ साली. म्हणजे त्याआधीची वीसेक वर्षं शिक्षक शाळा सुटल्यावर आणि शनिवारी सकाळी, स्वतःच्या वेळात, मुलांना मैदानावर नेत होते. हे काम पहिल्या दिवसापासून बिनपगारी आहे. पुढची सगळी गोष्ट या एका गोष्टीपाशी येऊन अडते.

१९०४ मध्ये या विखुरलेल्या संघटनांची शिखर संस्था झाली, इंग्लिश स्कूल्स फुटबॉल असोसिएशन. रचना आपल्या शालेय क्रीडा स्पर्धांसारखी पायऱ्यांची आहे. शाळेचा संघ, त्यावर एका शहराचा किंवा परिसराचा संघ, त्यावर काउंटीचा आणि सगळ्यात वर देशाचा. आपल्या तालुका, जिल्हा, विभाग, राज्य या शिडीशी ताडून पाहा. एक फरक मात्र आहे. आपल्याकडे स्पर्धेत जिंकलेली शाळा पुढे जाते. तिथे ती स्पर्धाही आहेच, पण परिसराचा आणि काउंटीचा संघ अनेक शाळांतून मुलं वेचून बनतो. ज्याची शाळा पहिल्याच फेरीत हरली, त्यालाही काउंटीचा शर्ट मिळू शकतो.

दुसरा फरक जास्त मोठा. आपल्याकडे जिल्हा क्रीडा अधिकारी असतो, क्रीडा खातं असतं. तिथे काउंटी शालेय संघटनेचा सचिव म्हणजे बहुधा एखादा नोकरीतला किंवा निवृत्त शिक्षक. कार्यालय म्हणजे त्याच्या स्वयंपाकघरातलं टेबल.

एके काळी हीच एकमेव वाट होती

१९५० सालची गोष्ट. डडली गावातला तेरा वर्षांचा एक मुलगा इंग्लंडच्या पारंपरिक मॉरिस नृत्यातही तरबेज होता. त्याची राष्ट्रीय नृत्य महोत्सवासाठी निवड झाली. नेमकी त्याच दिवशी इंग्लंडच्या शालेय फुटबॉल संघाची निवड चाचणी होती. त्याने फुटबॉल निवडला. १ एप्रिल १९५० रोजी वेम्बलीच्या मैदानावर तो वेल्सच्या शाळकरी संघाविरुद्ध खेळला. हा डंकन एडवर्ड्स. तिथवर तो कसा पोचला? आधी शाळेचा संघ, मग वूस्टरशर काउंटी आणि बर्मिंगहॅम परिसराचे संघ. मँचेस्टर युनायटेड त्यानंतर आलं. १९५८ च्या म्युनिक विमान अपघातात वयाच्या एकविसाव्या वर्षी तो गेला. इंग्लंडने पाहिलेल्या सर्वांत गुणी खेळाडूंत त्याचं नाव आजही घेतात.

स्टॅन्ली मॅथ्यूज, बॉबी चार्ल्टन हे पुढे गाजलेले फुटबॉलपटूही शाळकरी इंग्लंडकडून खेळले. मोठ्या क्लबांचे पारखी शालेय सामन्यांच्या कडेला ओव्हरकोट घालून उभे असायचे. शिकणाऱ्या मुलावर पहिला हक्क शाळेचा, क्लबचा नंतर, अशी ती व्यवस्था होती. शनिवारी सकाळी शाळेचा सामना असेल, तर क्लबने गप्प बसायचं.

पहिली भेग: मोजलेले तास

१९८४ ते १९८७ या काळात इंग्लंडमधल्या शिक्षकांचा पगारावरून सरकारशी मोठा संघर्ष झाला. शिक्षकांनी जे काम नेमणुकीत लिहिलेलं नाही ते थांबवलं. शाळा सुटल्यावरचा सराव, शनिवारचे सामने, सगळं त्यात गेलं. संघर्ष मिटला तेव्हा नव्या सेवाशर्ती आल्या. शिक्षकाने वर्षातले १९५ दिवस आणि १२६५ तास मुख्याध्यापक सांगतील ते काम करायचं.

वरकरणी हा खेळाचा विषयच नाही. पण असं पाहा. घरातली एखादी मावशी वर्षानुवर्षं सगळ्यांसाठी पापड लाटते. एक दिवस घरात हिशेब होतो की तिने किती तास काय करायचं. पापड त्या हिशेबात येत नाहीत. तिला कोणी बंदी केलेली नाही, लाटायचे तर लाटावेत. पण आता ते तिच्या मर्जीवर राहिले, आणि ते काम आहे हे तिच्याही लक्षात आलं. शनिवारच्या फुटबॉलचं नेमकं हेच झालं. काही शिक्षक परतले, बरेच परतले नाहीत.

यात शिक्षकांचा दोष काढणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. ज्या कामाचं मोल शंभर वर्षं कोणी केलं नाही, ते थांबल्यावरच दिसलं, तर दोष थांबवणाऱ्याचा कसा? आपल्याकडे निवडणूक, जनगणना आणि नाना सर्वेक्षणं डोक्यावर घेतलेल्या शिक्षकाला विचारा, तो सांगेल.

याच काळात शाळांची मैदानंही विकली जात होती. इतकी, की १९९८ च्या कायद्याने मैदान विकण्याआधी मंत्र्यांची परवानगी सक्तीची करावी लागली.

दुसरी भेग: क्लबांच्या अकॅडमी

इथे एक शब्द समजून घ्यावा लागेल. 'अकॅडमी' म्हणजे व्यावसायिक क्लबची स्वतःची बालशाळा. तिथे लहान वयातच मुलं करारावर घेतली जातात आणि पगारी प्रशिक्षक त्यांना शिकवतात. (इंग्लंडमध्ये थेट केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या एका प्रकारच्या शाळेलाही अकॅडमीच म्हणतात. तिथे नव्याने गेलेले पालक हमखास गोंधळतात. या लेखात फक्त क्लबची अकॅडमी.)

१९९७ साली एफएचे तांत्रिक संचालक हॉवर्ड विल्किन्सन यांनी 'चार्टर फॉर क्वालिटी' नावाचा आराखडा मांडला. युक्तिवाद सरळ होता. हुशार मुलं शाळा, परिसर, काउंटी, क्लब अशा चार-चार संघांतून दमेपर्यंत खेळतात आणि शिकत कमी आहेत. तेव्हा त्यांना लहानपणीच क्लबच्या हवाली करा, सामने कमी आणि सराव जास्त. एफएने १९८४ पासून लिलेशॉल इथे देशभरातल्या निवडक मुलांसाठी चालवलेली निवासी शाळा १९९९ मध्ये बंद झाली. कोवळ्या वयातल्या राष्ट्रीय संघाची जबाबदारीही शालेय संघटनेकडून एफएकडे गेली. २०१२ पासून प्रीमियर लीगची, म्हणजे तिथल्या सर्वांत वरच्या क्लबांच्या लीगची, आणखी कडक योजना आली. अकॅडमींची प्रतवारी सुरू झाली आणि सरावाचे तास वाढले. आधी लहान मुलाला घरापासून तासाभराच्या, मोठ्याला दीड तासाच्या अंतरातल्याच क्लबमध्ये घेता येई. बड्या अकॅडमींसाठी मोठ्या मुलांच्या बाबतीत ते कुंपणही निघालं. चार ब्रिटिश संघांत शाळकरी वयाच्या मुलांसाठी दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झालेली 'व्हिक्टरी शील्ड' ही स्पर्धा इंग्लंडने २०१५ मध्ये सोडली.

हा बदल अगदी चुकीचा होता असं म्हणणार नाही. मुलं खरोखरच दमत होती, आणि तंत्राच्या बाबतीत इंग्लंड मागे पडलं होतं. पण शंभर वर्षं ज्या कामासाठी शालेय संघटना ओळखल्या जात, ते गुणी मुलं हेरून वर पाठवण्याचं काम दोन दशकांत त्यांच्या हातून गेलं. काउंटीचा सचिव निवड चाचणी लावायचा, तेव्हा त्या भागातली चमकदार दहा-बारा मुलं आधीच अकॅडमीच्या गाडीत बसून गेलेली असायची.

"मग क्लबमधले पालक म्हणतात ते खरंच की!"

अर्धं खरं. भाचा व्यावसायिक होईल का, हाच एकमेव प्रश्न असेल, तर काउंटीच्या शर्टने त्याची शक्यता फारशी वाढत नाही. पण अपवाद आहेत. क्रिस स्मॉलिंग मिलवॉल या व्यावसायिक क्लबच्या युवा संघातून बाहेर पडला, केंटमधल्या शाळेत शिकत राहिला आणि मेडस्टोन युनायटेड या लहान क्लबकडून खेळला. २००८ मध्ये शालेय संघटनेच्या अठरा वर्षांखालच्या इंग्लंड संघातून तो ऑस्ट्रेलियाविरुद्ध उतरला. त्याच वर्षी प्रीमियर लीगमधल्या फुलहॅम क्लबने त्याला घेतलं आणि दोन वर्षांनी तो मँचेस्टर युनायटेडमध्ये होता.

अठरा वर्षांखालचा हा संघ शालेय संघटनेकडे अजूनही आहे. व्यावसायिक क्लबच्या पूर्णवेळ शिष्यवृत्तीवर नसलेली, बारावीच्या वयाची शिकणारी मुलं त्यात येतात. 'सेंटेनरी शील्ड'मध्ये वेल्स, स्कॉटलंड, उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड प्रजासत्ताक या संघांशी त्यांची गाठ पडते.

आणखी एक मुद्दा पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. इंग्लंडमध्ये वयोगट १ सप्टेंबरपासून मोजतात. सप्टेंबरात जन्मलेला आणि पुढच्या ऑगस्टमध्ये जन्मलेला असे दोघे एकाच गटात येतात, म्हणजे जवळजवळ वर्षाचा फरक. नऊ वर्षांच्या मुलांत वर्षभराचा फरक म्हणजे खांद्याएवढं अंतर. अकॅडमी त्याच वयात निवड करत असल्याने सप्टेंबर ते डिसेंबरच्या मुलांचं पारडं तिथे जड असतं. उन्हाळ्यात जन्मलेला, उशिरा उंची वाढलेला मुलगा पंधराव्या-सोळाव्या वर्षी कुठे दिसणार? काउंटीच्या शालेय संघात. भाचा जुलैचा आहे.

एक गोष्ट मात्र आपल्या सवयीने गृहीत धरू नये. महाराष्ट्रात जिल्हा-राज्य पातळीवर खेळलं की दहावी-बारावीला क्रीडागुणांची सवलत मिळते. तिथे असं काही नाही. काउंटीकडून खेळून परीक्षेत अर्धा गुणही वाढत नाही.

मुलींचं काय?

५ डिसेंबर १९२१ रोजी एफएने ठराव केला की हा खेळ स्त्रियांना शोभणारा नाही, आणि संलग्न क्लबांनी त्यांना मैदानं देऊ नयेत. जवळजवळ पन्नास वर्षं तो टिकला. शाळांवर त्याची सावली त्याहून लांब पडली. मुलामुलींनी एकत्र स्पर्धात्मक सामने खेळायला एफएने १९९१ मध्ये मान्यता दिली, तीही फक्त अकरा वर्षांपर्यंत. ही मर्यादा इंचाइंचाने सरकत २०१५ ला अठरापर्यंत पोचली.

३१ जुलै २०२२ रोजी इंग्लंडच्या महिला संघाने वेम्बलीवर जर्मनीला २-१ हरवून युरोपियन विजेतेपद मिळवलं. चषक हातात येऊन आठवडाही झाला नव्हता, तेवढ्यात संघातल्या तेवीस जणींनी पंतप्रधानपदाच्या दोन्ही उमेदवारांना खुलं पत्र लिहिलं. शाळेच्या खेळाच्या तासाला फुटबॉल खेळू शकणाऱ्या मुली फक्त ६३ टक्के आहेत, हे त्यांनी त्यात मांडलं. प्रत्येक मुलीला शाळेत फुटबॉल हवा आणि आठवड्याला किमान दोन तास खेळ हवा, ही मागणी. मार्च २०२३ मध्ये सरकारने शाळांतल्या खेळासाठी दोन वर्षांत ६० कोटी पौंडांहून अधिक रक्कम आणि मुलामुलींना समान संधी जाहीर केली.

मला या पत्राचं फार वाटतं. विजयानंतर मागता आलं असतं असं पुष्कळ होतं. त्यांनी शाळेचा तास मागितला.

सरकार पैसे देतंय ना, मग अडचण कसली?

पैसे येतात, पण लाटेसारखे. २००० नंतर शाळांना एकमेकींशी जोडून क्रीडा समन्वयक नेमण्याची योजना आली. २०१० मध्ये तिचा १६.२ कोटी पौंडांचा निधी थांबवल्याचं जाहीर झालं, ओरड झाल्यावर थोडा परत मिळाला. २०१३ पासून प्राथमिक शाळांना वर्षाला १५ कोटी पौंड थेट मिळू लागले. २०१७ मध्ये साखरी पेयांवरच्या कराच्या जोरावर ही रक्कम ३२ कोटींवर गेली.

त्या पैशातून बऱ्याच शाळांनी बाहेरचा प्रशिक्षक तासावर लावला. तो चांगलं शिकवतोही. पण तास संपला की तो पुढच्या शाळेत जातो. परिसराच्या संघासाठी मुलांची नावं कोण कळवणार, चाचणीला कोण नेणार, पालकांची संमतिपत्रं कोण गोळा करणार? हे काम ज्या शिक्षकाला मुलाचं घरदार माहीत असतं, तोच करतो, आणि त्यासाठी कुठल्याही योजनेत पैसे नाहीत.

शिवाय जबाबदारी वाढली आहे, आणि ती वाढायलाच हवी होती. २०१६ च्या अखेरीस फुटबॉलमधल्या बालकांच्या लैंगिक शोषणाच्या जुन्या कहाण्या बाहेर आल्या. खेळाडूंनी मोठेपणी, चेहरा न लपवता, त्या सांगितल्या. २०२१ च्या चौकशी अहवालाने संरक्षणाची व्यवस्था उभारण्यात एफएने फार उशीर केल्याचं नोंदवलं. आज मुलांसोबत काम करणाऱ्या प्रत्येकाची पार्श्वभूमी तपासली जाते, प्रशिक्षण घ्यावं लागतं, नोंदी ठेवाव्या लागतात. यातलं एकही कलम कमी करू नये असंच माझं मत आहे. पण हे सगळं त्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर, त्याच निवृत्त शिक्षकाकडे येतं.

आपल्याकडे याच्या जवळचं काय?

मुंबई स्कूल्स स्पोर्ट्स असोसिएशन. १८९३ पासून शाळांनी मिळून चालवलेली, सरकारी खात्याबाहेरची संस्था. तेंडुलकर-कांबळींची ६६४ धावांची भागीदारी १९८८ साली ज्या हॅरिस शील्डमध्ये झाली, ती हिच्याच छत्राखालची. आझाद मैदानाजवळ तिच्या फुटबॉल सामन्यांना बसमधून उतरणारी मुलं आणि हातात शिट्टी, खांद्यावर चेंडूंची जाळी घेतलेले सर ज्याने पाहिलेत, त्याला इंग्लंडमधली काउंटी शालेय संघटना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

बहिणीला हे सगळं सांगून झाल्यावर तिने विचारलं, "मग पाठवू ना?" मी म्हटलं, पाठव, आणि त्या सरांचा फोन आला की उचल. दोन दिवसांनी तिचा निरोप आला: सरांचा फोन आला होता, गाडीत आणखी किती मुलं बसतील म्हणून. तीन म्हटलंय. शनिवारी सकाळी साडेसातला निघतोय.